दुसऱ्यांदा आडवं

मागच्या चाकाला ठोका बसला आणि धम्मदीपची गाडी गचकन हलली. त्यानं हँडल दाबून धरलं, वळण काढलं. शर्यत संपल्याचा झेंडा पडला तेव्हा ट्रॅकवर तो एकटाच होता. मागं कुणाच्याच गाडीचा आवाज नव्हता. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या वावराभोवती एवढी माणसं उभी, पण टाळी वाजली नाही. त्यानं वळून पाहिलं. धुरळा खाली बसत होता. त्याच्या पाठोपाठ असलेला सार्थक शेवटच्या वळणावर पालथा पडला होता. हलत नव्हता.

गाडी तिथंच टाकून धम्मदीप पळत सुटला. पण माणसं त्याच्या आधी पोचली होती. कुणीतरी छातीला हात लावून त्याला मागं लोटलं. सार्थकचे वडील पोपटराव पोराला जीपमध्ये चढवत होते. वावर त्यांचंच, यात्रेतली मोटारसायकलची शर्यतही त्यांनीच भरवलेली. त्यांची टोपी मातीत पडली होती, ती उचलायचंही त्यांना भान नव्हतं. कवठे येमाईहून जीप शिरूरच्या दवाखान्याकडं सुटली.

"मुद्दाम आडवा आला त्यो," गर्दीतून आवाज आला. "आधी हिकडं, मग तिकडं. मी बघितलं."

"लई माज आलाय ह्यांना."

ह्यांना म्हणजे कुणाला, हे धम्मदीपला विचारावं लागलं नाही.

तो तळेगाव ढमढेऱ्याचा. कंपनीतली पाळी सांभाळून शर्यती मारायचा. सार्थक आणि तो कधी दौंडला, कधी राहूला, असे कितीदा एकमेकांच्या मागंपुढं पळाले होते. बोलणं फारसं नव्हतं. निघताना एकमेकांना हात तेवढा करायचे.

पंच होते सुभेदारमामा, फौजेतून निवृत्त झालेले. शर्यतीआधी त्यांनी सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं, "पुढं हाय त्यानं आपली जागा राखावी, त्यात काय वावगं न्हाई. एकदा बाजू बदला. पण एकदाच. मागचा दुसऱ्या अंगानं निघाला आन् तुम्ही परत त्याच्या पुढ्यात गेलात, तर त्ये राखणं न्हाई, पाडणं हाय."

धम्मदीप एकदा आडवा गेला होता. वळणाच्या अलीकडं त्यानं डावीकडची, आतली बाजू धरली. मग सार्थकच्या गाडीचा आवाज उजव्या कानाला आला. आता उजवीकडं घालावी, असं त्याच्या मनात आलं होतं, हे नक्की. त्यानंतर एकदम ठोका. मधे काय झालं? हात हलला होता का? तो पुन्हा पुन्हा आठवत होता, आणि पुन्हा पुन्हा नुसता धुरळा दिसत होता.

त्याची बायको सीमा गर्दीतून वाट काढत आली. "अहो, तुम्ही गाडी आडवी घातली का दुसऱ्यांदा?"

"मनात आलं होतं. हात हलला का न्हाई, त्येच कळंना."

सीमानं इकडंतिकडं पाहिलं. "मनातलं ह्या लोकांना सांगू नका. तुमच्या पाया पडते."

त्यानं मान हलवली आणि तो सरळ पंचांच्या टेबलाकडं गेला. टेबलावर चषक तसाच होता.

"मामा, मला बाद करा."

"दुसऱ्यांदा गेला हुतास?"

"ठाव न्हाई."

"मग मलाबी ठाव न्हाई. धुरळ्यात माझी नजर पोचली न्हाई." सुभेदारमामांनी खुर्ची सरकवली. "बस हितं. पडलेला येऊ दे. त्यो सांगंल."

येऊ दे, म्हणाले. आणि आला नाही तर? धम्मदीप खुर्चीत बसला, पण त्याला बसवेना. शर्यत, चषक, काहीच डोक्यात नव्हतं. पालथं पडलेलं ते अंग तेवढं दिसत होतं. सीमा मागं उभी राहिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. चारचौघांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा जीप आली. गर्दी तिकडं धावली. जीपचं दार उघडलं आणि सार्थक स्वतःच्या पायांनी खाली उतरला. एक हात गळ्यात बांधलेला, गाल खरचटलेला. धम्मदीप खुर्चीतून उठला. त्यानं टेबल धरलं. चालतोय. चालतोय ना, मग आता काय व्हायचं ते होऊ दे.

पोपटराव लेकाला घेऊन पंचांसमोर आले. रडून त्यांचे डोळे लाल झाले होते आणि आता त्यात राग होता.

"सांग सगळ्यांम्होरं. ह्यो दुसऱ्यांदा तुझ्या पुढ्यात आला का न्हाई?"

सार्थकनं धम्मदीपकडं पाहिलं. धम्मदीपनं नजर खाली घातली नाही.

"न्हाई आला, आबा."

"मग पडलास कसा?"

"त्यो आला न्हाई म्हणूनच पडलो. मी उजवीकडनं निघाल्याचं नुसतं दावलं. म्हटलं, ह्यो आता तिकडं झेपावणार, मग डावीकडं वाट मोकळी. म्हणून झटक्यात डावीकडं घुसलो. तर ह्यो जागचा हललाच न्हाई. माझंच चाक त्याच्या चाकावर गेलं."

धम्मदीप मटकन खुर्चीत बसला. मागं सीमा हुंदका देऊन हसली. गर्दीत मघाशी ज्यानं बघितलं होतं, तो दिसेनासा झाला.

पोपटरावांना मात्र अजून उलगडत नव्हतं. "आरं, पर ह्यो झेपावणारच, असं तुला वाटलं कशावरनं?"

सार्थकनं दुखऱ्या गालानं हसायचा प्रयत्न केला.

"त्याच्या जागी मी असतो, तर झेपावलो असतो, आबा."