अंधारात एक्क्याण्णव टक्के

अंगठ्याएवढी बाटली तिने सरांच्या हातात दिली. बुचापासून तळापर्यंत फॉइलमध्ये गुंडाळलेली.

"हे काय?"

"आपलीच अभिक्रिया, सर. साठ अंशांच्या गरम पाण्यात सहा तास. कपाटात, दार लावून. उत्पादन एक्क्याण्णव टक्के."

सरांनी बाटली डोळ्यांसमोर धरली, पण फॉइलवर त्यांचंच तोंड दिसत होतं. चार वर्षांपूर्वी याच अभिक्रियेवर त्यांचा शोधनिबंध आला होता. निळा प्रकाश, खोलीचं तापमान, ब्याण्णव टक्के. निबंधाचं पहिलं पान फ्रेम करून त्यांनी इथे प्रयोगशाळेत, त्या निळ्या दिव्याच्या वरच लावलं होतं. तोच दिवा, तीच रसायनं घेऊन तिला गेल्या आठवड्यापर्यंत, वर्षभरात, तीसच्या वर काही मिळालं नव्हतं. "तुझ्या हाताला यशच नाही गं," असं सर वर्षभर म्हणत आले होते.

"एका बाटलीवरून काय ठरतं?"

"तीन केल्या. तिन्ही अंधारात."

"आणि दिवा लावून, गार पाण्यात?"

"चार टक्के."

सरांनी बाटली खाली केली. मग म्हणाले, "अगं, पण गेल्या आठवड्यात दिव्याखाली तुला नव्वद आले की! एकोणिसाव्या खेपेला का होईना, आले. तेवढंच लिही आणि मोकळी हो."

"त्या दिवशी दिव्याजवळचा पंखा दुरुस्तीला गेला होता, सर. बाटली उचलायला गेले तर चटका बसला."

बेसिनपाशी भांडी विसळणारे मामा वळले. सरांच्याही आधीपासून ते या प्रयोगशाळेत मदतनीस होते. "निबंधाचे प्रयोग ज्यांनी केले, त्या आधीच्या दादांच्या वेळी पंखा होता कुठे? तो मी आणला, ही आल्यावर. म्हणाली, मामा, खोलीचं तापमान लिहिलंय, मग बाटलीला दिव्याची धग लागता कामा नये."

"मामा, तुम्ही भांडी बघा."

"भांडीच बघतोय," मामा म्हणाले, आणि त्यांनी नळ बंद केला.

सरांनी बाटली टेबलावर ठेवली. "हे नंतर बघू. त्या ईमेलचं उत्तर गेलं का?"

ईमेल दुसऱ्या एका विद्यापीठातून, निबंध वाचून आलेला होता. तिने लॅपटॉप उघडून त्यांच्याकडे वळवला. लिहिणारी तिच्याच वयाची असावी. 'बत्तीस वेळा करून पाहिलं. सव्वीस ते एकतीस टक्क्यांच्या पुढे जात नाही. माझ्या हातातच दोष आहे, असं आमचे सर म्हणतात. आपण काही वेगळं करता का?'

"लिही," सर म्हणाले. "दिवा आमच्यासारखाच घ्यावा. अंतर नीट मोजावं. हाताला सवय लागते हळूहळू. बस, एवढंच."

"दिवा तोच आहे तिचा. अंतराचा फोटोही पाठवलाय, पट्टी लावून."

"न्यायाधीश बाई, तुमच्या प्रबंधावर शेवटी सही कुणाची लागते?"

"तुमची."

"मग?"

ती स्टूल ओढून बसली. एकोणीस खेपांचा तक्ता तिने ईमेलला जोडला, एकही आकडा न गाळता. त्याखाली अंधारातल्या तीन आणि गार पाण्यातली एक. सर तिच्या खांद्यामागे उभे होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"हे गेलं तर त्या पानाचं काय होईल, कळतंय का तुला?" या वेळी त्यांचा आवाज खाली आला होता.

तिने भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. "शेजारी दुसरं लावू, सर. ही रीत सोपी आहे, स्वस्तही. दिवाच लागत नाही."

मामांना खोकला आला. तो खोकला नव्हता.

सरांचा हात लॅपटॉपच्या झाकणावर आला आणि झाकण खाली यायला लागलं. तिने डाव्या हाताने ते होतं तिथेच धरून ठेवलं. उजव्या हाताच्या एका बोटाने शेवटच्या ओळी टाइप केल्या, आणि पाठवून दिल्या.

'तुमच्या हातात काहीही दोष नाही. पंखा लावत असाल, तर तो बंद करून बघा. मग बाटली गरम पाण्यात ठेवा, आणि दिवाही बंद करून बघा.'