बारावी खुर्ची

मुळा धरणाजवळच्या आमच्या रिसॉर्टमध्ये पोहण्याच्या तलावाकाठी बारा खुर्च्या आहेत. त्या रविवारी अकरा खुर्च्यांवर माणसं होती आणि बाराव्या खुर्चीवर नुसता निळा टॉवेल. तलावातलं क्लोरीन तपासणं आणि टॉवेल टाकून अडवलेल्या खुर्च्या अर्ध्या तासाने मोकळ्या करणं, ही दोन्ही कामं माझी.

"ओ मॅडम, सकाळपासनं कोन बसंना हितं. उचला की तो टॉवेल!" एक पाहुणे वैतागून म्हणाले.

मी हात पुढे केला, तर साफसफाई करणाऱ्या कडूबाई आडव्या आल्या. "ऱ्हाऊ द्या, ताई. माझ्या जयाची जागा हाय ती. पाण्यातनं आल्यावर अंग पुसाया नको का तिला?"

त्यांची मुलगी जया दोन वर्षांपूर्वी धरणात पोहायला गेली, ती सापडलीच नाही.

"मावशी, नियम सगळ्यांना सारखा आहे. कुणी आलं नाही तर खुर्ची सोडावी लागते."

"आली न्हाई कशावरनं? हात लावून बघा."

सकाळी माझ्यासमोर त्यांनी कोरडा टॉवेल घडी करून ठेवला होता. आता तो चिंब ओला होता. कुणा पाहुण्याने अंग पुसलं असणार, हे पडताळायला मी तो क्लोरीन तपासायच्या नळीत पिळला. तलावात मी रोज क्लोरीन घालते. धरणाच्या पाण्यात ते नसतं.


तलावाच्या पाण्यात क्लोरीन दोन पीपीएम, शेजारच्या पाहुण्याच्या ओल्या टॉवेलमध्ये एक, जयाच्या टॉवेलमध्ये शून्य.