दादाचा दात

दात अगदी ठणठणीत होता. डॉक्टरने तो ठोकून पाहिला, हिरडी दाबून पाहिली, एक्स-रे उजेडात धरून पाहिला. किडीचं नावसुद्धा नव्हतं. इतका सुरेख दात त्याच्या दवाखान्यात क्वचितच यायचा.

"हाच दुखतोय?"

खुर्चीतल्या माणसाने मान हलवली. तो डॉक्टरचा थोरला भाऊ होता.

वडील गेल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं सगळं धाकट्याने केलं. दादा पलीकडच्याच गल्लीत राहायचा, पण "मला बघवत नाही रे" म्हणून दारातूनच परत जायचा. दफनाच्या वेळी बोलायला मात्र तोच उभा राहिला. "शेवटच्या काळात बाबांचं सगळं देवानेच केलं," असं म्हणाला, आणि अख्खी मंडळी 'आमेन' म्हणाली. तेव्हापासून चर्चमध्ये एक भाऊ पहिल्या बाकावर बसायचा आणि दुसरा शेवटच्या.

"काढावा लागेल," डॉक्टर म्हणाला. आपल्याच तोंडून हे ऐकून तो जरा दचकला. "तुमची हरकत नाही ना?" सख्ख्या भावाला तो 'तुम्ही' म्हणत होता, कुठल्याही पेशंटला म्हणावं तसं.

दादा काहीतरी बोलायला गेला.

"तोंड उघडं ठेवा."

दात निघता निघेना. निरोगी दात हाडाला धरून बसतो. डॉक्टरला घाम फुटला, चष्मा घसरला. अखेर दात हातात आला तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्याने फीसुद्धा घेतली नाही.

ते बरं वाटणं जेवणापर्यंत टिकलं. पहिला घास चावताना त्याची जीभ आपसूक त्याच्या स्वतःच्या त्याच दाताकडे गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. पेशंटशी बोलताना, गाडी चालवताना ती तिथेच. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की तो हमखास अडखळायचा. बायकोला वाटलं, ह्यांचाच दात दुखतोय.

त्याने मनाची परोपरीने समजूत घातली. दादा स्वतःच्या पायाने आला. दुखतोय असं त्यानेच सांगितलं. एका दाताने कोणी मरत नाही. मन सगळं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि मग विचारायचं, दात किडला होता का?

रविवारी चर्चमध्ये दादा देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उठला. गाल अजून सुजलेला होता. "कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटतंय," तो म्हणाला. "देवाचे आभार आहेतच. पण हे केलं माझ्या भावाने. त्याच्या हातांनी." सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या बाकावर डॉक्टरने गीतांचं पुस्तक तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

सोमवारी दवाखान्याबाहेर रांग लागली. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना न दुखणारी दाढ काढून हवी होती, म्हणजे पुढे कटकट नको. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे गृहस्थ म्हणाले, "कोणता काढायचा ते तुम्हीच ठरवा. तुमच्या हाताला गुण आहे." डॉक्टरने सगळ्यांना दात घासायला सांगून घरी पाठवलं, दवाखाना बंद केला आणि थेट चर्चच्या पाळकांचं घर गाठलं.

पाळक अंगणात खुर्चीला रंग देत होते. डॉक्टर म्हणाला, "एक विचारायचं होतं. एखाद्या पापाने दुसऱ्याचं भलंच झालं, तर ते पाप राहतं का?"

"भलं झालं हे कोण म्हणतं?"

"ज्याच्या बाबतीत केलं, तोच म्हणतो. सगळी मंडळी म्हणते."

"मग त्यांना सगळ्यांना झोप लागत असेल," पाळक म्हणाले. "तुला लागते का?"

डॉक्टरची जीभ पुन्हा त्या दाताकडे गेली.

"तुझं मन तुला छळत नाहीये, बाबा. ते तुला हाका मारतंय. कुठे जायचं ते तुला माहीत आहे, आणि ते माझं घर नाही." एवढं बोलून त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि आ वासला. "आलाच आहेस तर ही मागची दाढ तेवढी बघ."

दाढ चांगली होती. डॉक्टरने तसं सांगितलं आणि तो दादाच्या घराकडे निघाला.

दादा स्वयंपाकघरात भांडी घासत होता. धाकट्याला दारात बघून त्याने नळ बंद केला. डॉक्टरने वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती. त्यातलं काहीच आठवेना.

"दादा, तुझा दात चांगला होता. मला दिसत होतं. तुझा राग होता, म्हणून काढला. मला माफ कर."

दादाने ओले हात शर्टाला पुसले.

"चांगला होता ते मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "दुखत नव्हताच तो. तुझ्या घरी आलो असतो तर तू दार लावून घेतलं असतंस. म्हटलं, पेशंट म्हणून तरी आत घेशील. दफनाच्या दिवशी तुझं नाव घेतलं नाही, त्याची माफी मागायची होती."

डॉक्टर स्टूल ओढून त्याच्यासमोर बसला.

"अरे, मग मी चिमटा उचलला तेव्हा थांबवलं का नाहीस?"

दादाने सुजलेल्या गालावरून हात फिरवला.

"थांबवणार होतो. पण तुझा चेहरा बघितला. म्हटलं, एका दातावर भागतंय, तर भागू दे."