लुझविमिंदाचा वाटा
बायको लुझविमिंदा गेल्याचं कळलं त्याच संध्याकाळी गल्लीने तिच्या शवपेटीसमोर पत्त्यांचं टेबल मांडलं. आमच्या मनिलात मयताजवळ जागताना जुगार चालतो आणि डावातला वाटा दफनासाठी घरच्यांना मिळतो. पण मेहुणा रोडेल पाहुण्यांना कोपऱ्यात जमवून फोनवरच्या कॅसिनोत, जिथे पडद्यावरची बाई पत्ते वाटते, ब्लॅकजॅक शिकवू लागला. “एकवीसच्या पुढे गेलात की मेलात! बारा आहेत? घ्या पत्ता, भित्र्यांनो!” टेबल रिकामं पडलं. “त्या फोनमधली बाई तुझ्या बहिणीच्या मातीला वाटा देणार का रे?” मी विचारलं. “दाजी, चिडता कशाला? तुम्हीपण शिका!” मी फोन हिसकावून शवपेटीच्या काचेवर, तिच्या चेहऱ्यापाशी ठेवला. “आता हिच्यासमोर शिकव.” फोनमधली बाई हसत पत्ते वाटत राहिली. “दाजी, वेळ संपतेय, डाव जाईल,” म्हणत रोडेलने बहिणीवर वाकून पत्ता मागितला. दफनापुरते पैसे जमले नाहीत. तिला माती द्यायची राहिली आहे.