रेघेवरची खूण

रक्ताचा रिपोर्ट याही खेपेला चांगला आला, आणि नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"ईएसआर बारा," तो म्हणाला. "धडधाकट माणसाचा असावा तसा."

"मग काय रडू आता?" शिंपीण म्हणाली. वेणी चापूनचोपून घातलेली, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. काजं तिनेच कधीकाळी केली होती, बारीक आणि घट्ट. मांडीवर ठेवलेल्या हातांचे सांधे सुजून चकाकत होते.

तरुण डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला सारला. "काकू, सूज मला दिसतेय. काहींच्या रक्तात ती उतरतच नाही. पण संधिवाताच्या नव्या इंजेक्शनची मंजुरी हवी, तर सगळं मिळून आकडा पाच पॉइंट एकच्या वर जायला हवा. रक्त साथ देत नाहीये. बाकीचं तरी नीट सांगा."

मग त्यांनी अठ्ठावीस सांधे एकेक करून तपासले. मनगट दाबलं. "दुखतं?"

"चालतंय."

"चालतंयला रकाना नाही, काकू. हो की नाही?"

"बरं, हो लिहा."

बारा सांधे दुखरे निघाले, आठ सुजलेले. नवरा मनातल्या मनात मोजत होता.

शेवटी बाईंनी एक कागद पुढे केला. त्यावर नुसती आडवी रेघ होती. डावं टोक म्हणजे अगदी बरं, उजवं टोक म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. आत्ता कसं वाटतंय, तिथे खूण करायची.

"काका, तुम्ही बोलायचं नाही हं. ही खूण त्यांची त्यांनीच करायची."

नवऱ्याने ओठ मिटले. शिंपिणीने पेन मुठीत धरलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि रेघेच्या डाव्या बाजूला, जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर फुली मारली.

बाईंनी कॅल्क्युलेटरमध्ये आकडे घातले. त्याकडे पाहत राहिल्या.

"चार पॉइंट नऊ," त्या म्हणाल्या. "थोडक्यात हुकलं. आता तीन महिन्यांनी."

"ती फुली जरा इकडे सरकवली तर?"

"काका."

बाहेरच्या बाकावर बसेपर्यंत त्याने कसाबसा धीर धरला.

"तिसऱ्या हिश्श्यावर? सकाळी तासभर पलंगाच्या कडेला बसून होतीस. पायात चप्पल सरकत नव्हती. सहा महिने झाले, मशीनवर कापड चढलेलं नाही. वेणी मी घालतो, बटणं मी लावतो, आणि तू तिथे जाऊन..."

"हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत. आणखी तीन महिने असेच काढायचे. कुणासमोर एवढा मोठेपणा करत होतीस?"

"मोठेपणा कसला त्यात." तिने बोटं मिटून पाहिली. मिटली नाहीत. "पहाटे विचारलं असतं, तर पार त्या टोकाला केली असती खूण. पण मग तुम्ही वेणी घातलीत. कुलूप दुरुस्त करताना जीभ बाहेर काढता ना, तशी काढून. बटणं लावलीत. एक चुकीच्या काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलंत." ती थांबली. "त्यांनी आत्ता कसं वाटतंय, असं विचारलं. मला बरं वाटत होतं हो."

समोरच्या दारावरचा नंबर बदलला. कुणीतरी उठून आत गेलं.

"पुढच्या खेपेला वेणी घालू नका," ती म्हणाली.

एक बट सुटून तिच्या गालावर आली होती. त्याचा हात सवयीने तिकडे गेला, आणि मध्येच थांबला.