डावा खांदा

"सेम टु सेम पाहिजे, मास्टरजी," असं म्हणत रुचिकाने मोबाइल हेमंतच्या नाकासमोर धरला.

मोबाइलवर दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सैनिक मरत होता. उजव्या खांद्यावर जाड कवच, डावा खांदा उघडा, आणि त्या उघड्या खांद्यात बाण.

हेमंतने गळ्यातली मोजपट्टी चाचपली. ती तो फक्त आंघोळीपुरती काढायचा. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवता शिवता तो सिनेमाच्या फौजा शिवायला लागला, त्याला सहा वर्षं झाली होती. पहिल्याच फौजेत घोटाळा झाला. कापडाचे वीस वीस थर एकावर एक रचून, वर फर्मा ठेवून एकदम कापायचे, ही जीन्सवाल्यांची रीत. त्या दिवशी वरचा फर्मा उलटा पडला आणि चारशे सैनिकांचं डाव्या खांद्याचं कवच उजवीकडे गेलं. शूटिंग तोंडावर आलेलं. तसंच दिलं.

तो सिनेमा चालला. दुसऱ्या सिनेमावाल्यांनी तो बघून तसंच कवच मागवलं, तिसऱ्यांनी दुसऱ्यांचं बघून. उघडा खांदा दिसल्यावर बाण कुठे मारायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे बाणही दर सिनेमात तिथेच. आणि आता चौथ्या सिनेमाचे कपडे बघणारी ही रुचिका हेमंतची चूक हेमंतलाच इतिहास म्हणून दाखवत होती.

"त्या काळी असंच घालायचे," ती म्हणाली. "आमच्या सरांचा पक्का रिसर्च आहे. तिन्ही पिक्चर बघितलेत त्यांनी."

हेमंतला हसू आलं नाही. त्या तिन्ही सिनेमांत बाण खाल्लेले तिन्ही गडी सिनेमा लागायच्या आत गेले होते. एक नदीत, एक तापाने, एक नुसताच झोपेत. प्रत्येकाचा आधी डावा खांदा दुखायला लागला होता, असं त्यांच्या घरचे सांगत.

त्याच दुपारी भिकी आली. बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची म्हातारी. शूटिंग तिच्याच रानात होणार होतं, आणि बाण खायला तिचा मुलगा धाकलू निवडला होता.

"मास्तर, माज्या पोराचा डावा खांदा झाक."

"आजी, सिनेमात असंच असतं. आधीच्या तिन्हीत असंच आहे."

"आमच्या दगडात बी असाच हाय," भिकी म्हणाली.

हेमंत तिच्यामागे गेला. पाड्याच्या वेशीवर एक वीरगळ होता, लढाईत पडलेल्या कुणा जुन्या वीराचा दगड. सिनेमाच्या रिळाचा तुकडा उभा रोवावा तशा त्यावर एकावर एक तीन चौकटी. खाली वीर बाण लागून पडलेला. मधे दोन अप्सरा त्याला उचलून नेताहेत. वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला.

वीराच्या उजव्या खांद्यावर कवच होतं. डावा उघडा.

हेमंतने शेंदूर बोटाने खरवडला. कवचाच्या काठाला शेजारी शेजारी दोन शिलाया कोरलेल्या होत्या, जीन्सला असतात तशा. हेमंतच्या मशीनचा दर सातवा टाका निसटतो, सगळ्या कॅम्पला माहीत आहे. त्याने दगडावरचे टाके मोजले. सातवा नव्हता.

"आजी, हा दगड किती जुना?"

"माज्या आजीच्या आजीला बी ठावं नव्हतं."

"मग कुणी कुणाचं बघून केलं हे?"

"ते तुमी बगा. माजा पोर तेवढा झाक."

हेमंतने धाकलूचं डाव्या खांद्याचं कवच स्वतः शिवलं आणि स्वतः रानात जाऊन त्याच्या अंगावर बांधलं. रुचिका धावत आली.

"मास्टरजी, ये क्या है? आधीच्या एकाही पिक्चरमध्ये असं नाहीये. सर मला खाऊन टाकतील."

"चूक माझी होती, मॅडम. असू दे माझ्या अंगावर."

तोवर कॅमेरा सुरू झाला होता. रबरी बाण आला, डाव्या कवचावर आपटला आणि खाली पडला. धाकलू ठरल्याप्रमाणे मेला, मग उठून माती झटकली आणि वडापाव कुठे मिळतो ते विचारायला गेला. हेमंत खांदा चोळत रिक्षात बसला. मशीनवर वाकून वाकून दुखतोय, म्हणाला. खांदा डावा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिकी नारळ घेऊन वेशीवर गेली. खालच्या चौकटीतला वीर ताठ उभा होता, दोन्ही खांदे झाकलेले. तिने दगडाला हात लावून कपाळाला लावला, नारळ फोडला, आणि खोबरं ठेवताना तिची नजर वर गेली.

मधल्या चौकटीत अप्सरा कुणाला तरी उचलून नेतच होत्या. त्याच्या गळ्यात मोजपट्टी होती.