टेनेबल

“याहून वजनदार शब्द न्हाई का, बाई?” जगन्नाथरावांनी कागद परत तिच्याकडे सरकवला.

बेबीनंदानं मांडीवरचं तीन महिन्यांचं लेकरू डाव्या हातावर घेतलं. आष्टीच्या या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. बाळंतपणाची रजा संपली म्हणून आज हजर व्हायला आली होती. पुन्हा रुजू करून घ्यावं, असा अर्ज तिनं आधीच धाडला होता. त्याचं काय झालं, हे विचारायच्या आतच शाळेचे सेक्रेटरी असलेल्या जगन्नाथरावांनी तिला समोर बसवलं. तुमचं मंग बघू, आधी हे हातावेगळं करा, म्हणाले. शाळेतल्या कुणाची तरी मागणी फेटाळायची होती. पत्राची प्रत वरच्या साहेबाकडे जायची होती, आणि साहेबाला इंग्रजीच लागायचं. कारण मात्र लिहायचं नव्हतं. कारण दिलं की माणूस त्याला फाटे फोडत बसतो, असं त्यांचं म्हणणं.

मागणी संपत सरांची असणार, हे तिनं ताडलं. त्यांनी वरचे वर्ग मागितले होते. मागणी रास्त होती. अर्ज कराच, असं उन्हाळ्याआधी तीच त्यांना म्हणाली होती. आता ती फक्त सेक्रेटरींचा चेहरा वाचत होती. तिच्या नवऱ्याचं कापसाच्या जिनिंगमधलं काम चार महिन्यांचं. बाकीचं वर्ष तिच्याच नोकरीवर निघायचं. हिच्या इंग्रजीवाचून आपलं भागत नाही, एवढं या माणसाला आज पटलं म्हणजे झालं.

आधी तिनं मऊ लिहिलं होतं, सध्या मान्य करता येत नाही, असं. ते तिनं खोडलं.

“नॉट टेनेबल,” ती म्हणाली.

म्हणजे काय, त्यांनी विचारलं. कॉलेजातल्या सरांनी सांगितलेलं तिला लख्ख आठवलं. शब्द फ्रेंचमधून आलेला, मुळात अर्थ धरून ठेवणं. तो किल्ल्याला लावायचे. वेढा पडला तरी आतल्या शिबंदीला जो राखता येतो, तो गड टेनेबल. तसाच मग विचार, तसाच दावा. कुणी कितीही वाद घातला तरी ज्याच्यावर पाय रोवून उभं राहता येतं, तो.

“आन् नॉट म्हणलं की?”

“गड गेला. बोलायला तोंडच उरत नाही.”

“बिलकुल बराबर. हाच घाला.” जगन्नाथराव खूष झाले. आज पहिल्यांदाच त्यांनी तिच्यासाठीही चहा सांगितला.

लेकरू कुरकुरायला लागलं. तिनं त्याला पदराआड घेतलं आणि एका हातानं पत्र स्वच्छ उतरवून काढलं. अक्षर वळणदार आलं. तारीख घातली, अठरा जून एकोणीसशे चौऱ्याहत्तर. संपत सरांची नजर कशी चुकवायची, याचा विचार करत तिनं विचारलं, पत्र कुणाला, वर नाव कुणाचं घालू?

“तुमचंच घाला की,” जगन्नाथराव बशीत चहा ओतत म्हणाले. “स्पेलिंग तुम्हालाच बराबर येतं.”